एका अटीचे परीक्षण

ह्या पानांवर सामान्यतः ग्रंथांचे, नाट्यप्रयोगांचे, क्वचित एखाद्या चित्रप्रदर्शनाचे परीक्षण येत असते. आज आम्ही परीक्षणासाठी घेतले आहे ते सरकारी मार्गदर्शक सूचनांतील अवघे एक वाक्य. वकिलाने आपली वकिली कोर्टात करावी, साहित्याच्या अंगणात ती आणू नये, असे कोणी म्हणेल. तथापि नियम हेही लेखनच होय. त्यातील काही शब्द कोणीतरी निवडलेले असतात, काही गाळलेले असतात, आणि गाळलेल्या शब्दांवरून लिहिणाऱ्याच्या मनाचा ठाव लागतो. कादंबरीतील वाक्य फसले तर वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. नियमातील वाक्य फसले तर एखाद्या मुलाचे पुढील सारे आयुष्य दुसऱ्याच वाटेला लागते. तेव्हा परीक्षकाचा अधिकार दोहोंवर सारखाच चालावा.

भारत सरकारची परदेशी शिक्षणासाठी एक शिष्यवृत्ती आहे. ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’ ह्या नावाने ती ओळखली जाते आणि १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर ह्यांच्या मुलांस परदेशातील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षण घेता यावे, डॉक्टरेट करता यावी, हा तिचा हेतू. अलीकडील वर्षांत तिच्या जागा १२५ झाल्या: ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्यांसाठी, आणि शेतमजूर व कारागीर मिळून ४. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत, उमेदवाराचे वय ३५ च्या आत, पात्रता-परीक्षेत किमान ६० टक्के गुण, अशा तिच्या साधारण अटी. एवढ्या अफाट देशात सव्वाशे जागा! पण असो, आमची आजची तक्रार संख्येविषयी नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत ह्या योजनेच्या सूचना नव्याने निघाल्या आणि त्यांत एक नवी अट अवतरली. तिचा आशय असा की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय घेणाऱ्यांस ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. आणि कोणता विषय ह्या वर्गात मोडतो ह्याचा अखेरचा निर्णय निवड समितीचा राहील. त्या वर्षी अर्जाची मुदत ३१ मार्चला संपत होती. परदेशातील प्राध्यापकांशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करून, संशोधनाचा आराखडा बांधून, प्रवेशाच्या उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिलेल्या मुलांस आपला विषय बदलण्यासाठी जेमतेम दीड महिना मिळाला. संशोधनाचा विषय म्हणजे सदरा नव्हे, की हा बसत नाही तर तो घालावा.

हे वाक्य वाचकांनी सावकाश वाचावे. कारागिराचा मुलगा ह्या शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन इटलीतील भित्तिचित्रांचा अभ्यास करू शकेल. फ्लॉरेन्समधील कारागिरांच्या संघांवर प्रबंध लिहू शकेल. आजोबांनी ज्या देवळाच्या खांबांवर उभा जन्म छिन्नी चालविली त्या देवळावर मात्र त्यास लिहिता येणार नाही. पात्र कोण, हे सांगताना ज्या लेखणीने ‘परंपरागत कारागीर’ हे शब्द लिहिले, त्याच लेखणीने विषय सांगताना त्या कारागिराची परंपरा तेवढी वगळली. लिहिणाऱ्याच्या मनात उपरोध नसणार. उपरोध मनात असता तर तो इतका अचूक साधला नसता.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर ही अट दोन ठिकाणी लंगडते. पहिले तिच्या संदिग्धतेत. अजिंठ्याच्या रंगद्रव्यांचे पृथक्करण हा विषय रसायनाचा की वारशाचा? बेलूरच्या शिल्पांचा दगड कोणत्या खाणीतील, हा शोध भूगर्भशास्त्राचा की भारतीय संस्कृतीचा? जेथे शब्द स्पष्ट नसतो तेथे समितीची मर्जी हाच कायदा होतो, आणि मर्जीवर अवलंबून असलेला गरीब विद्यार्थी भीतीपोटी आपला विषय आधीच वळवून घेतो. त्यास कोणी नकार देण्याचीही गरज उरत नाही. दुसरे लंगडणे हेतूचे. वर्गीकरण करावयाचे तर त्याचा योजनेच्या हेतूशी सयुक्तिक संबंध असावा लागतो, हे तत्त्व आमच्या सर्वोच्च न्यायालयाने अन्वर अली सरकार खटल्यात १९५२ सालीच स्पष्ट केले आहे. योजनेचा हेतू मागे राहिलेल्यांस उच्च विद्येच्या मार्गाने पुढे आणणे हा. भारतीय शिल्पाचा अभ्यासक पुढे येत नाही आणि फ्रेंच शिल्पाचा येतो, असे दाखविणारा पुरावा कोठे आहे? आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९७६ साली संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घातली गेली. अनुच्छेद ५१ क मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करावा, असे एक कर्तव्य आहे. जे कर्तव्य म्हणून सर्वांवर लादले, त्याच्या अभ्यासास ह्या एका योजनेत पैसा नाही.

अटीच्या बाजूने जे सांगण्यात आले तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. भारतीय विषयांच्या अभ्यासासाठी देशातच उत्तम विद्यापीठे, ग्रंथालये व साधने आहेत. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मर्यादित पैसा इतर विद्यांकडे वळावा. वरवर पाहता हा युक्तिवाद कोणाही काटकसरी गृहस्थास पटावा असा आहे, आणि आमच्या वाचकांतील बहुसंख्य काटकसरी गृहस्थच आहेत. म्हणून तो तपासून पाहू.

ह्या देशात मागासलेल्या म्हणविल्या गेलेल्या समाजातील मुलास परदेशी धाडणारी सर्वांत गाजलेली शिष्यवृत्ती कोणती? आमच्या बडोद्याच्या वाचकांस उत्तर सांगावे लागणार नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला, आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी कोणते विषय घेतले? १९१५ साली एम. ए. साठी प्राचीन भारतीय व्यापार. १९१६ च्या मे महिन्यात मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचलेला निबंध भारतातील जातींविषयी. तो पुढे १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. म्हणजे भारतीय इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास. २०२२ ची अट १९१३ साली बडोद्याच्या दरबारात कोणी मांडली असती तर हा अर्ज पहिल्याच छाननीत बाद ठरला असता. भारताचा अभ्यास भारतातच करा, असे सयाजीरावांच्या कारभाऱ्यांनी सांगितले नाही. कदाचित त्यांस हे ठाऊक असावे की आपले घर नीट दिसण्यासाठी कधीकधी रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहावे लागते.

साधने देशातच आहेत, हेही अर्धेच खरे. अमरावतीच्या स्तूपावरील शंभराहून अधिक शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिलने केलेल्या प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ ह्या काळात पुन्हा प्रती काढल्या, त्यांतील कित्येक १८८५ च्या दुसऱ्या आगीत गेल्या, आणि ज्या वाचल्या त्या तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. लेण्यातील मूळ चित्र गेल्या दीडशे वर्षांत जेथे पुसट झाले तेथे ती प्रतच साक्षीदार आहे. गोमंतकाचे म्हणाल तर पोर्तुगीज अमदानीचे कागद काही पणजीस, काही लिस्बनला. जी देवळे सोळाव्या शतकात पडली आणि ज्यांचे देव नदी ओलांडून अंत्रुजात आले, त्यांचा शोध घेणारास पोर्तुगीज शिकणे आणि लिस्बनची वाट धरणे चुकत नाही. विद्येचेही तसेच. आनंद कुमारस्वामी १९१७ पासून अखेरपर्यंत बोस्टनच्या संग्रहालयात होते. स्टेला क्रामरिश दीर्घकाळ कलकत्त्यास शिकवून १९५० नंतर फिलाडेल्फियास गेल्या. भारतीय देवालयांविषयी आपण आज जी भाषा बोलतो तिचा बराच भाग ह्या दोघांच्या लेखनातून आलेला आहे.

देशातील सोय अगदीच नाही असे नव्हे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विद्याशाखा १९५० ची, आणि तेथील कलेतिहासाचा विभाग नावाजलेला आहे. परंतु देशातल्या शिक्षणासाठीही पैसा कोठे आहे ते पाहावे. संशोधनाची पातळी गाठली की विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळू शकते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. तिची परीक्षा देण्यासाठी बहुधा आधी पदव्युत्तर पदवीपर्यंत जावे लागते. खड्डा आहे तो त्या आधीच्या दोन वर्षांत. कलेतिहास हा ग्रंथालयात बसून होणारा अभ्यास नव्हे. वेरूळ, पट्टदकल, खजुराहो प्रत्यक्ष पाहावी लागतात, छायाचित्रे घ्यावी लागतात, ग्रंथांच्या किमती विचारू नयेत अशा असतात, आणि पदवीनंतर संग्रहालयात उमेदवारी करावयाची तर कित्येकदा बिनपगारी. ज्याच्या घरी दोन-तीन वर्षे वाट पाहण्याची ऐपत आहे तोच ह्या वाटेने जातो. हे दुखणे आपलेच आहे असेही नाही. इंग्लंडात २०१६ साली कलेतिहास हा विद्यापीठपूर्व परीक्षेचा विषयच बंद पडण्याची पाळी आली होती, दुसऱ्या परीक्षामंडळाने तो उचलला म्हणून तरला; आणि तेथेही तो मुख्यतः भरमसाट फी घेणाऱ्या शाळांतच शिकविला जात असे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, बरे, अन्याय झाला असेल. पण त्याने देवळाचे काय बिघडले? आमच्या मते मुख्य मुद्दा हाच आहे, आणि तो दयेचा नाही, ज्ञानाच्या प्रतीचा आहे.

गोवा, दक्षिण कोकण आणि उत्तर कन्नड ह्या पट्ट्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे आमच्या लहानपणापर्यंत बरीच होती. ह्या चित्रांवर जे थोडेबहुत लिहिले गेले ते बहुधा चित्रात काय आहे ह्याविषयी: हा दशावतार, ही गोपींची रांग, हा गंडभेरुंड. ते अवश्यच आहे. पण कावीचे चित्र घडते कसे? शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ तांबडा थर, आणि तो थर ओलसर आहे तोवरच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करावयाचा. म्हणजे रेषा काढणाऱ्याच्या हाती वेळ मोजका. पावसाळी हवेत तो वाढतो, वैशाखात आखडतो. रेषा कोठे लांब, निवांत आहे आणि कोठे तुटक, घाईची आहे, एका दिवसाचे काम कोठे संपून दुसऱ्या दिवसाचा गिलावा कोठे लागला, हे त्या भिंतीवर लिहिलेले असते. परंतु ते वाचता येते चुना मळलेल्या घरातील डोळ्यांस. आम्ही अशा भिंतीपुढे एकदा तासभर उभे राहिलो आणि आम्हांस कृष्ण दिसला. आमच्याबरोबर आलेल्या गवंड्याने दोन मिनिटांत सांगितले की खालचा उजवा कोपरा दुसऱ्या हाताचा आहे. तो गवंडी प्रबंध लिहिणार नाही. त्याच्या नातीने लिहावा, अशी आमची इच्छा आहे.

संस्कृत जाणणाऱ्यांनी शिल्पशास्त्रावरून देऊळ वाचले, इंग्रजी जाणणाऱ्यांनी शैलींच्या कालक्रमावरून वाचले. दोन्ही वाचने थोर आहेत आणि दोन्हींत हात नाहीत. जुन्या राजांनी तरी हातांची नावे राहू दिली. कांचीवरील विजयाच्या स्मरणार्थ इ. स. ७४० च्या सुमारास विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने पट्टदकल येथे जे देऊळ बांधविले, आज आपण ज्यास विरूपाक्ष म्हणतो, तेथील शिलालेखात सूत्रधार गुंड ह्याचे नाव आहे, त्याचे ‘अनिवारिताचारी’ हे नाव आहे, त्यास दिलेले ‘त्रिभुवनाचारी’ हे बिरुद आहे. बेलूरच्या शिल्पांखाली बळ्ळिगावेच्या दासोजाने आणि त्याचा पुत्र चावण ह्याने आपली नावे कोरली. सोमनाथपूरला मल्लितम्माचे नाव ठिकठिकाणी आढळते. बेळगावाकडील आमच्या वाचकांस ही स्थळे एका दिवसाच्या प्रवासाची. कुमारस्वामींचे १९०९ चे एक पुस्तकच भारतीय कारागिरावर आहे. कारागिरावर पुस्तक आहे, त्यास शतक उलटून गेले. कारागिराच्या घरातून आलेली पुस्तके किती, हे वाचकांनी आपल्या कपाटाकडे पाहून मोजावे. जुना शिल्पी मूर्ती घडवीत असे आणि प्राणप्रतिष्ठा झाली की गाभाऱ्याबाहेर येत असे. त्या प्रथेचे समर्थन करणारे आजही आहेत. पण इतिहासाच्या गाभाऱ्यातही तोच नियम चालवावयाचा असेल तर त्यास कोणत्या शास्त्राचा आधार दाखविणार?

एक गोष्ट अजून सांगावयाची राहिली. २०२५ च्या जुलैत ह्याच योजनेत निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी प्रथम ४० जणांनाच तात्पुरती पत्रे गेली. बाकीच्यांस पैसा उपलब्ध झाल्यास कळवू, असे सांगण्यात आले. निवड होऊनही पैशाची वाट पाहण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांच्या विषयावर आणखी बंधन कशास?

येथवर लिहून झाल्यावर आम्हांस लेखणी खाली ठेवावी लागली. दिल्लीच्या अटीतील शब्द कोठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते, आणि ते कोठे पाहिले हे ध्यानात आले.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका देवस्थानाशी संबंधित मंडळींनी एक शिक्षणनिधी उभारला. नियमावली करण्याचे काम अर्थातच घरच्या वकिलाकडे आले. वाचकांस ठाऊक आहे की गोमंतकातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीच्या आधाराने चालत आलेला आहे, आणि महाजन कोण ह्याची नोंदवही असते. पालखी कोरणाऱ्याचे नाव त्या वहीत बहुधा नसते, खर्चाच्या वहीत असते. म्हणून महाजनांच्या मुलांप्रमाणेच सेवेकऱ्यांच्या आणि देवस्थानाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या मुलांसही साहाय्य मिळावे, हे कलम आम्ही हट्टाने घातले. त्याचा आम्हांस अभिमान होता, तो आम्ही लपविला नाही. त्यापुढील कलम असे होते: साहाय्य ‘उपजीविकेस प्रत्यक्ष उपयोगी’ अशा अभ्यासक्रमासच द्यावे. भाषा आमची. हस्ताक्षरही आमचेच.

चार वर्षांपूर्वी एक अर्ज आला. मखरे आणि पालख्या करणाऱ्या मेस्तांच्या घरातील मुलगी. कलाशाखेची पदवी झालेली, बडोद्यास कलेतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात जागा मिळालेली. मागणी दोन वर्षांच्या वसतिगृहाच्या आणि जेवणाच्या खर्चाची होती, ती आमच्या निधीस मुळीच जड नव्हती. अर्जास तिने एक कागद जोडला होता. आमच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा सभामंडपाचे लाकडी खांब उतरवून अग्रशाळेच्या मागे रचून ठेवले होते, त्यांपैकी एकाचे ते रेखाटन. त्याच्या प्रत्येक भागास आजोबांच्या कारखान्यात चालणारी कोंकणी नावे लिहिलेली, आणि प्रत्येकाची मापे. तिला अभ्यास ह्याच खांबांचा करावयाचा होता. समितीतील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “ह्या शिक्षणाने नोकरी कसली लागते?” कोणास सांगता आले नाही. मग आम्ही आमचे कलम मोठ्याने वाचून दाखविले. अर्ज पाच मिनिटांत, एकमताने, नामंजूर झाला. त्यापुढचा अर्ज हॉटेल-व्यवस्थापनाचा होता. तो मंजूर झाला.

ती मुलगी सध्या एका फर्निचरच्या दुकानात स्वयंपाकघरातील कपाटांचे नकाशे काढते. खांब पुढच्या वर्षी एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास विकले गेले. त्यांतील दोन आम्ही समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या दाराशी उभे असलेले पाहिले, पॉलिश केलेले, एक उलटा बसविलेला. ते रेखाटन निधीच्या फायलीत आहे. त्या खांबांचे आमच्याजवळ एवढेच उरले आहे.

कलमात दुरुस्ती व्हावी अशी सूचना आम्ही येत्या सर्वसाधारण सभेसाठी दिली आहे: ‘उपजीविकेस प्रत्यक्ष उपयोगी’ हे शब्द काढावेत आणि देवालयांच्या शिल्प, चित्र व काष्ठकामाच्या अभ्यासासाठी दरवर्षी एक जागा राखावी. नियमाप्रमाणे दोनतृतीयांश मते लागतील. दोन सभासदांनी विरोध लेखी कळविला आहे. त्यांच्या पत्रांत आमचेच जुने शब्द जसेच्या तसे उतरून घेतलेले आहेत.